दगड, माती आणि विहिरीचें पाणी

एखाद्या कोरड्या स्वभावाच्या माणसाविषयीं बोलतांना आपण सहज म्हणतों, “अहो, तो म्हणजे निव्वळ दगड!” दगडाला पाझर फुटत नाहीं, दगड बदलत नाहीं, दगडाला सुखदुःख नाहीं, अशी आपल्या भाषेची जुनी समजूत आहे. भूगर्भशास्त्राला मात्र ती मान्य नाहीं. दगड जन्मतो, झिजतो, कुजतो, पाण्यांत विरघळतो आणि पुन्हां नव्या रूपानें जन्मास येतो. फरक एवढाच कीं, त्याच्या एका अवस्थेला आपल्या हजारों पिढ्या लागतात. मलकापुरासारख्या गांवीं राहणाऱ्यांना हा विषय केवळ पुस्तकी नाहीं. ज्या काळ्या जमिनींत आपला कापूस पिकतो ती जमीन, ज्या पाट्यावर आपली चटणी वाटली जाते तो पाटा, आणि पूर्णेच्या खोऱ्यांत ज्यानें गांवोगांवच्या कुटुंबांना जेरीस आणलें आहे तें विहिरीचें खारें पाणी, या तिहींचें गोत्र एकच आहे. तें कसें, आणि तें समजल्यानें आपल्या संसारांत काय फरक पडतो, हें या लेखांत सांगण्याचा आमचा हेतु आहे.

एकाच घरांतील तीन कुळें

प्रथम घरांतल्या घरांतच एक फेरी मारूं. स्वयंपाकघरांतील पाटा-वरवंटा आणि जुन्या घरांत अजून कोठें तरी कोपऱ्यांत पडून असलेलें जातें, हीं आपल्याकडे बहुतेक काळ्या पाषाणाचीं असतात. माजघरांत शहाबादी फरशी असते. देवघरांत संगमरवराचा पाट किंवा एखादी मूर्ति असते. आजोबांच्या लहानपणींची दगडी पाटी माळ्यावर शोधली तर सांपडेल. एवढ्या चार वस्तूंत पृथ्वीवरील खडकांचीं तीनही कुळें आपल्या घरीं नांदत आहेत.

पहिलें कुळ अग्निजन्य खडकांचें. पृथ्वीच्या पोटांतील तप्त रस वर येऊन थिजला कीं हे खडक होतात. आपला काळा पाषाण, ज्याला शास्त्रज्ञ बेसाल्ट म्हणतात, तो यांपैकींच होय. दुसरें कुळ गाळाच्या, म्हणजे स्तरित खडकांचें. पाण्याच्या तळाशीं थरावर थर सांचून आणि दाबाखालीं घट्ट होऊन ते बनतात. शहाबादी फरशी हा असा थरांचा चुनखडक आहे आणि म्हणूनच तिच्या पातळ लाद्या सहज सुटतात. तिसरें कुळ रूपांतरित खडकांचें. पहिल्या दोन कुळांतील खडक जमिनींत खोल गाडले जाऊन उष्णतेनें व दाबानें पालटले कीं त्यांस हें रूप येतें. चुनखडकाचा संगमरवर होतो. चिखलाच्या खडकाची पाटी होते.

खडक हा बहुधा अनेक खनिजांचा मिळून बनतो. पेढ्यांत खवा, साखर आणि वेलची असावी तसें हें आहे. काळ्या पाषाणांत मुख्यतः फेल्स्पार व पायरोक्झीन हीं दोन खनिजें आणि थोडे लोखंडाचे ऑक्साइड असतात. तप्त रस लवकर थिजल्यामुळें या खनिजांचे कण अगदीं बारीक राहिले आणि एकमेकांत घट्ट गुंतले. त्यामुळेंच काळा पाषाण घाव सोसतो आणि वरवंट्याखालीं भुगा होत नाहीं. तरीसुद्धां वर्षानुवर्षांच्या वाटण्यानें तो गुळगुळीत होतोच, आणि मग त्याला टाकी लावून घ्यावी लागते.

खनिजांचा कठीणपणा मोजण्याची सोपी रीत फ्रीड्रिश मोस या जर्मन शास्त्रज्ञानें १८१२ सालीं घालून दिली. जें दुसऱ्यावर ओरखडा काढतें तें अधिक कठीण, एवढाच तिचा नियम. दहा पायऱ्यांच्या या शिडीवर सर्वांत खालीं संगजिरें आहे. दुसऱ्या पायरीवर चिरोडी, म्हणजे जिप्सम. तिसऱ्यावर चुन्याचें खनिज कॅल्साइट. सातव्यावर गारगोटी आणि दहाव्यावर हिरा. तोंडाला लावण्याच्या पावडरींत संगजिरें आणि कांच कापणाऱ्याच्या लेखणींत हिरा कां असतो, याचें उत्तर या एका शिडींत आहे. शिसपेन्सिलींत शिसें मुळींच नसून ग्रॅफाइट नांवाचा मऊ कार्बन असतो. तोही या शिडीच्या तळाशींच आहे, म्हणून तो कागदावर आपली खूण सोडतो.

देवघरांतील पंचायतनाकडे पाहिलें तर आणखी एक गोष्ट ध्यानांत येते. विष्णूचा शाळिग्राम गंडकी नदींतला, शिवाचें बाणलिंग नर्मदेंतलें, गणपतीचा तांबडा पाषाण शोण नदींतला, देवीचा पाषाण सुवर्णमुखी नदींतला. सूर्याचा स्फटिक तेवढा तंजावरानजीकच्या वल्लम येथील जमिनींतून येतो. शाळिग्रामावरील चक्र म्हणजे हिमालय उभा राहण्यापूर्वीं तेथें असलेल्या समुद्रांतील शंखवर्गीय प्राण्याचा ठसा होय. तो खडकांत गाडला गेला, खडक पर्वत होऊन वर आला आणि नदीनें त्याला पुन्हां मोकळें केलें. आमच्या पूर्वजांनीं देव म्हणून निवडलेले हे पाषाण बहुतेक पाण्यानें घडविलेले आहेत. खडकाच्या कथेंत अग्नि हा जन्मदाता खरा, पण पुढील सर्व संस्कार करणारें पाणीच आहे. ही गोष्ट आम्ही मुद्दाम येथें नमूद करतों, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभें आहे.

पायऱ्यांचें पठार

मलकापूर पूर्णेच्या सखल मैदानांत वसलें आहे. उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस अजिंठ्याची डोंगररांग, अशा दोन भिंतींमध्यें हें मैदान पसरलेलें आहे. जुन्या वऱ्हाडांत खालच्या मैदानाला पायनघाट आणि वरच्या पठाराला बालाघाट म्हणत. मलकापूर पायनघाटांतलें आणि बुलढाणें बालाघाटावरचें. नळगंगा त्या वरच्या डोंगरांतून उतरून मलकापुरावरून वाहत जाते आणि पूर्णेस मिळते. पूर्णा पश्चिमेस वाहत जाऊन चांगदेवापाशीं तापीस मिळते.

या दोन्ही डोंगरांकडे दुरून पाहिलें तर त्यांच्या उतारावर एकावर एक ठेवल्यासारख्या पायऱ्या दिसतात. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं येथें जमिनीला मोठमोठ्या भेगा पडून त्यांतून अकराशें-बाराशें अंश उष्णतेचा रस पुनःपुन्हां वाहिला. प्रत्येक प्रवाह थिजून एक थर झाला; त्यावर दुसरा आला, तिसरा आला. प्रत्येक थराचा मऊ भाग लवकर झिजला आणि कठीण भाग उभा राहिला, त्यामुळें डोंगराला पायऱ्यांचें रूप आलें. म्हणूनच या खडकांना ‘ट्रॅप’ हें नांव मिळालें. स्वीडिश भाषेंतील जिना या अर्थाच्या शब्दापासून तें आलें आहे. आज हे थर सुमारें पांच लक्ष चौरस किलोमीटर प्रदेशावर उरले आहेत, आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यांच्यावर वसलेला आहे. १८६७ सालीं नागपुरापर्यंत पोंचलेल्या आपल्या आगगाडीच्या रुळांखालची खडी, रस्त्यावरची गिट्टी, घराचा पाया, सर्व त्याच थरांचीं लेंकरें होत.

तप्त रस थिजतांना त्यांत वायूचे बुडबुडे कोंडले गेले आणि खडकांत पोकळ्या राहिल्या. पुढें लक्षावधि वर्षें खडकांतून झिरपणाऱ्या पाण्यानें या पोकळ्यांत आपली शिदोरी ठेवली. कोठें गारगोटी व अकीक, कोठें झिओलाइटाचे शुभ्र स्फटिक, तर कोठें हिरव्या मातीचा पातळ लेप. शेजारच्या जळगांव जिल्ह्यांतील खाणींतून निघणारे झिओलाइटाचे स्फटिक जगांतील संग्रहालयांत मोठ्या मानानें ठेवलेले आहेत. अजिंठ्याचीं लेणीं याच काळ्या पाषाणांत कोरलेलीं आहेत. तेथील भित्तिचित्रांतला हिरवा रंग हिरव्या मातीचा आणि तांबडा व पिवळा रंग गेरू व पिवडीचा आहे. निळा रंग मात्र दूर अफगाणिस्तानांतून आणलेल्या लाजवर्द खड्याचा. जें घराजवळच्या खडकांत मिळालें तें तेथून घेतलें, आणि जें मिळालें नाहीं त्यासाठीं सातासमुद्रांचा नसला तरी पर्वतांपलीकडचा प्रवास केला, असा त्या चित्रकारांचा व्यवहार होता.

काळी आणि पांढरी

आपल्या खेड्यांत शेताला ‘काळी’ आणि गांवठाणाला ‘पांढरी’ म्हणतात. या दोन शब्दांत आमच्या शेतकऱ्यांनीं मातीचें अर्धें शास्त्र सांगून ठेवलें आहे.

काळा पाषाण उन्हांत तापतो, रात्रीं निवतो, त्याला बारीक भेगा पडतात आणि त्यांत पावसाचें पाणी शिरतें. पावसाच्या पाण्यांत हवेंतील कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असल्यानें तें किंचित् आंबट असतें. हें आंबट पाणी पाषाणांतील खनिजें हळूहळू फोडतें. प्रथम मुरूम होतो आणि मुरमाची पुढें माती होते. या मातींतील चिकण कण पाणी पिऊन फुगतात व उन्हानें आकसतात. म्हणूनच उन्हाळ्यांत आपल्या शेतांना हात जाईल अशा भेगा पडतात, आणि काळीवर बांधलेल्या घरांच्या भिंती तडकतात. जुन्या लोकांनीं पेरणीसाठीं काळी आणि वस्तीसाठीं पांढरी निवडली, ती उगीच नव्हे.

खनिजें फुटतांना जें जें विरघळण्यासारखें असतें तें पाणी आपल्याबरोबर घेऊन जातें. यांत चुन्याचा अंश पुष्कळ असतो. पाणी आटलें कीं हा चुना मातींत गांठी धरतो. त्यालाच आपण कंकर म्हणतों. वाचकांनीं शेतांतून असा एक कंकर आणून फोडावा व त्याच्या ताज्या चुऱ्यावर लिंबाचा रस पिळावा. बारीक बुडबुडे येऊं लागतील. लिंबाच्या आंबटानें चुन्यांत कोंडलेला कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याचे ते बुडबुडे होत. शहाबादी फरशीवर लिंबू किंवा चिंच सांडली असतां डाग कां पडतो, हेंही मुलांना याच वेळीं सांगतां येईल.

हाच कंकर भट्टींत भाजून पूर्वीं वाडे बांधण्याचा चुना करीत. भाजल्यावर त्यांतील वायु निघून जातो आणि कळीचा चुना राहतो. कळीवर पाणी घातलें कीं ती फुलते, कढत होते आणि आपल्या पानाला लावण्याचा चुना तयार होतो. भिंतींत बसलेला चुना पुढें वर्षानुवर्षें हवेंतील तोच वायु परत घेत राहतो आणि पुन्हां दगड होतो. जुन्या वाड्याची भिंत पाडतांना ती इतकी घट्ट कां लागते, त्याचें रहस्य यांत आहे. चुना आधीं खडक असतो, मधल्या काळांत माणसाची सेवा करतो आणि अखेर आपल्या मूळ रूपास जातो.

अडलेलें पाणी

खडकांतून पाण्यानें उचललेल्या या शिदोरींत चुन्याखेरीज सोडियमचेंही अंश असतात. वाहतें पाणी ही शिदोरी नदीवाटे समुद्रास पोंचवितें. समुद्र खारा होण्याचें हें एक मोठें कारण आहे. परंतु पाण्याला वाट मिळाली नाहीं तर काय होतें, याचीं दोन उदाहरणें आमच्याच बुलढाणा जिल्ह्यांत आहेत.

पहिलें उदाहरण लोणारचें. लवणासुराचा वध विष्णूनें येथें केला अशी पुराणकथा असून, तेथील दैत्यसूदनाचें मंदिर प्रसिद्ध आहे. शास्त्रज्ञांच्या मतें आकाशांतून आलेला एक अशनि काळ्या पाषाणावर आदळून हें विवर झालें. त्या आघातानें खडकांतील फेल्स्पारची कांच झालेली सांपडते. या पुराव्याचें विवेचन १९७३ सालीं प्रसिद्ध झालें. विवराचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर असून, अलीकडील मोजणीप्रमाणें त्याचें वय सुमारें ५ लाख ७० हजार वर्षें आहे. कांठावरच्या धारेचें पाणी गोड आहे. मग तळ्याचें पाणी खारट व सोड्यासारखें कां? कारण त्या वाटीला बाहेर जाण्याची वाट नाहीं. पाणी येतें, वाफ होऊन उडून जातें, आणि क्षार मागें राहतात. हजारों वर्षें हेंच चाललें आहे. पूर्वीं उन्हाळ्यांत तळें आटलें कीं कांठावरून हे क्षार गोळा करीत. डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशीं त्यांच्या प्रकारांचीं नांवें होतीं. कांच व साबण करण्याचीं द्रव्यें येथें मिळतात, अशी नोंद सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फज्लच्या ‘ऐन-ए-अकबरी’ ग्रंथांतही आहे. २०२० च्या जून महिन्यांत हें पाणी एकाएकीं गुलाबी झालें तेव्हां लोक चकित झाले. अतिक्षारांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग होता, असें पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणींत दिसून आलें. त्याच वर्षीं लोणारचा समावेश रामसर पाणथळ स्थळांच्या यादींत झाला.

दुसरें उदाहरण अधिक जवळचें, आणि अधिक दुःखाचें आहे. तें पूर्णेच्या खारपाणपट्ट्याचें. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारें ४,७०० चौरस किलोमीटर प्रदेश या पट्ट्यांत मोडतो. आमच्या जिल्ह्यांतील शेगांव, संग्रामपूर, जळगांव-जामोद व नांदुरा या तालुक्यांना त्याची झळ लागते. येथें काळा पाषाण खोल गेलेला असून, त्याच्यावर पूर्णेनें व तिच्या उपनद्यांनीं आणलेला गाळ सांचला आहे. कोठें कोठें तो ३०० मीटरांहून अधिक खोल आहे. गाळ चिकणमातीचा, प्रदेशाचा उतार अत्यल्प, पाऊस चार महिन्यांचा आणि ऊन आठ महिन्यांचें. पाणी मुरतें, पण पुढें सरकत नाहीं. उन्हानें वर ओढलें जातें आणि क्षार ठेवून जातें. लोणारची वाटी डोळ्यांना दिसते, पूर्णेची वाटी जमिनीखालीं आहे, एवढाच काय तो भेद. एके काळीं या खोऱ्यांतील खाऱ्या विहिरींचें पाणी आटवून मीठ काढीत असत, यावरून तिच्या क्षाराची कल्पना यावी.

सोडियमचा मातीवर जो परिणाम होतो तो मोठा विचित्र आहे. त्याच्या संगतीनें चिकण कण एकमेकांपासून सुटतात, बारीक बारीक छिद्रांत जाऊन बसतात, आणि पाण्याची वाट बुजवून टाकतात. आपल्याकडील धाब्याच्या घरांवर पावसाळ्यापूर्वीं खारी माती पसरण्याची चाल आहे, तिचें इंगित हेंच. छपरावर ती माती पाणी अडविते म्हणून आपण तिला वाखाणतों. शेतांत तीच माती पाणी अडविते तेव्हां पिकाच्या मुळाशीं कधीं चिखल आणि कधीं वीट होते. अशा जमिनीवर चिरोडीचा उपाय करतात. चिरोडींतील कॅल्शियम सोडियमला कणांवरून हुसकावून लावतें, कण पुन्हां एकमेकांस धरतात, छिद्रें मोकळीं होतात आणि पावसाचें पाणी सोडियमला खालीं धुऊन नेतें. पण हें शेवटलें धुणें चांगल्या पाण्यानें व्हावें लागतें, आणि त्याला निचऱ्याची वाट असावी लागते. नाहीं तर औषध घेऊन पथ्य न केल्यासारखें होतें.

स्वयंपाकघरांतील साक्ष

हें सर्व शेतकऱ्याचें दुःख झालें. घरांतील बायकांचें दुःख निराळें, आणि तें बहुधा कोणाच्या लेखांत येत नाहीं. खाऱ्या किंवा जड पाण्याच्या गांवीं नवी सून येते आणि तुरीची डाळ शिजतां शिजत नाहीं. सासूबाई म्हणतात, “अहो, आमच्या वेळीं असें नव्हतें.” सुनेच्या हाताला दोष, डाळीला दोष, चुलीला दोष, पाण्याकडे कोणी बघत नाहीं. वास्तविक जड पाण्यांतील कॅल्शियम डाळीच्या पेशींना जोडून धरणाऱ्या द्रव्याला घट्ट करतें, म्हणून ती मऊ होत नाहीं. चिमूटभर सोडा घातला कीं शिजते, कारण सोडा कॅल्शियमला बाजूला काढतो. तीच गोष्ट साबणाची. जड पाण्यांत साबणाचा फेंस न होतां चिकट साका होतो, आणि कपडे धुणाऱ्या बाईवर उगाच आळसाचा आरोप येतो. बंबाच्या किंवा किटलीच्या तळाशीं जो पांढरा थर बसतो तो दुसरें तिसरें कांहीं नसून आपला शेतांतला कंकरच होय. पाणी उकळून आटलें कीं चुना गांठी धरतो, मग तें शेत असो वा पातेलें.

येथें एका गैरसमजाचा उलगडा करणें अवश्य आहे. गढूळ पाण्यांत तुरटी फिरविली कीं मातीचे कण एकत्र येऊन खालीं बसतात. परंतु तुरटी विरघळलेल्या क्षाराला हात लावीत नाहीं. पाणी उकळल्यानें रोगजंतु मरतात आणि चुन्याचा कांहीं अंश खालीं बसतो. पण मीठ आणि सोडा तसेच राहतात, उलट पाणी आटल्यानें ते अधिक दाट होतात. फडक्यानें गाळल्यानें तर कांहींच होत नाहीं. निवळ पाणी आणि गोड पाणी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें प्रत्येक घरांत मुलींना आणि मुलांनाही शिकविलें पाहिजे.

भारतीय मानकाप्रमाणें (आय. एस. १०५००, २०१२) पिण्याच्या पाण्यांत विरघळलेले एकूण क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरें पाणी मिळतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावें. अर्थात् २,००० ही निरुपायाची मर्यादा आहे, पसंतीची नव्हे.

रोगाचें मूळ शोधतांना

क्षारांविषयीं जागरूक राहावें, पण दिसेल त्या व्याधीचें खापर विहिरीवर फोडूं नये, याचाही धडा आमच्या जिल्ह्यानें दिला आहे. २०२५ च्या जानेवारींत शेगांवच्या परिसरांतील अनेक खेड्यांत दोनशेंहून अधिक लोकांचे केंस एकाएकीं गळूं लागले. पहिला संशय साहजिकच खाऱ्या पाण्यावर गेला. पुढें, विंचूदंशावरील संशोधनासाठीं प्रख्यात असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं तपासणी करून असें मत मांडलें कीं, या लोकांच्या शरीरांत सेलेनियम वाढलेलें आहे आणि तें पंजाब-हरियाणाकडून शिधावाटपांत आलेल्या गव्हांतून गेलें असावें. सेलेनियम हें शरीराला अत्यल्प प्रमाणांत लागतें. प्रमाण वाढलें तर केंस व नखें गळतात, ही गोष्ट वैद्यकाला पूर्वींपासून ठाऊक आहे. पंजाबांत होशियारपूर व नवांशहर या भागांतील कांहीं जमिनींत तें नैसर्गिकच जास्त आहे.

यांतून घेण्यासारखें एवढेंच कीं, आपण केवळ आपल्या गांवच्या खडकावर जगत नाहीं. गव्हाच्या दाण्यांतून पंजाबची माती, उपवासाच्या सैंधवांतून पंजाबच्या पश्चिमेकडील कोट्यवधि वर्षांपूर्वींच्या आटलेल्या समुद्राचें मीठ, आणि विजेरीच्या सेलमधून भंडारा जिल्ह्यांतील मँगनीज आपल्या घरीं येतें. म्हणून तर्क करण्यापूर्वीं तपासणी, हा नियम पाण्याला लागू आहे तसाच धान्यालाही.

मग करावें काय?

प्रथम, विहिरीचें व कूपनलिकेचें पाणी वर्षांतून दोनदां, पावसाळ्यापूर्वीं व पावसाळ्यानंतर, प्रयोगशाळेंत तपासून घ्यावें आणि आंकडे वहींत लिहून ठेवावेत. जमाखर्च लिहिणाऱ्या घराला हें कठीण नाहीं. दुसरें, गाळाच्या खारपाण प्रदेशांत ‘आणखी खोल गेलें कीं गोडें पाणी लागेल’ या भरंवशावर कर्ज काढून कूपनलिका खणूं नये. तेथें पुष्कळदां खोलीबरोबर खारेपणा वाढतो. तिसरें, क्षार काढणारें यंत्र घरांत असेल तर त्यांतून बाहेर पडणारें पाणी मूळच्याहून अधिक खारें असतें, हें विसरूं नये. तें तुळशीला किंवा परसांतील भाजीला घालूं नये.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती आम्ही हिशेबानेंच सांगतों. आपल्याकडे वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडतो असें धरूं. शंभर चौरस मीटरांच्या पक्क्या छपरावर त्याचे ७०,००० लिटर होतात. वाहून व वाळून जाणारें पाणी वजा केलें तरी ५०,००० लिटर हातीं लागावेत. दहा माणसांच्या कुटुंबाला पिण्यास व स्वयंपाकास दरडोई पांच लिटरप्रमाणें रोज ५० लिटर, म्हणजे वर्षाचे १८,२५० लिटर पुरतात. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व सात फूट खोल अशा झांकलेल्या टाक्यांत एवढें पाणी मावतें. पहिल्या एक-दोन पावसांचें पाणी सोडून द्यावें, छप्पर व पन्हळ स्वच्छ ठेवावेत, वाळूची गाळणी बसवावी, आणि पिण्यापूर्वीं पाणी उकळावें. आकाशांतून येणाऱ्या पाण्याची अजून खडकाशीं ओळख झालेली नसते, म्हणून त्यांत क्षार जवळजवळ नसतात. तें जमिनीला लागण्यापूर्वीं धरलें तर खारपाणपट्ट्यांतल्या घरींही गोडें पाणी मिळतें. शेतांतही हेंच तत्त्व शेततळ्याच्या रूपानें उपयोगी पडतें. सातपुड्यांतील वाण धरणाचें पाणी आज नळानें या भागांतील अनेक गांवांना मिळतें. परंतु नळाला पाणी नसेल त्या दिवशीं घरचें टाकें उपयोगी पडेल.

विवाह जमवितांना आपण गोत्र पाहतों, घर बांधतांना दिशा पाहतों, आणि जमीन घेतांना सातबारा पाहतों. यापुढें त्यांत एका प्रश्नाची भर पडावी अशी आमची सूचना आहे: येथल्या पाण्याला जाण्याची वाट आहे काय? जेथें आहे तेथें दगडाची उत्तम माती होते. जेथें नाहीं तेथें तोच दगड क्षार होऊन आपल्या ताटांत आणि तांब्यांत येतो. दगडाचा स्वभाव आपल्याला बदलतां येणार नाहीं. पाण्याला वाट देणें आणि गोड आहे तोंवर तें धरून ठेवणें, एवढें मात्र प्रत्येक कुटुंबाच्या हातांत आहे. पुढील मृगापूर्वीं आमच्या वाचकांपैकीं दहा घरांनीं जरी आपल्या छपराचा असा हिशेब मांडला, तरी हा लेख लिहिल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.